उजव्या पायावरचा बगळा

६ जानेवारी

ताई,

सोबतचं पार्सल आधी भाऊजींच्या हातात दे आणि मग पत्र वाच. म्हणजे वाचणार भाऊजीच, मला काय माहीत नाही? तू शिलाई मशीनवर, पाय पॅडलवर, आणि ते समोरच्या स्टुलावर चष्मा पुसत बसलेले. तर भाऊजी, पार्सल सुरीने फोडा. ताईच्या कापडाच्या कात्रीला हात लावलात तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल.

फोडलंत? हा टॅब तुमचा. एकतीस वर्षं डेपोच्या माइकवर बसून अख्ख्या गावाला वेळेवर गाडीत बसवलंत, आणि निवृत्तीला त्या लोकांनी दिलं काय, तर भिंतीवरचं घड्याळ! ताईने लिहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. घड्याळाने काय आता घरातल्या घरात वेळापत्रक सांगायचं?

मागच्या बाजूला बगळा दिसतोय ना? ज्याच्या नुसत्या जाहिराती बघून लोक सुस्कारे टाकतात, तोच हा बगळा. आता तो तुमच्या घरात. माझ्या टेबलावरून गेलेला पीस आहे. काच मी बसवली, कडा मी घासल्या. फोटो बघा, गाणी ऐका, जुन्या बातम्या ऐकून त्या निवेदकांच्या उच्चारातल्या चुका काढा. सेटिंगमध्ये गेलात तर जागेचा आकडा दिसेल, दोनशे छप्पन जीबी. म्हणजे भाऊजी, आयुष्य भरेल पण हा भरणार नाही.

माझा फोन भरती झाल्यापासून गेटवर जमा आहे, त्यामुळे पत्रच. मोठ्या कंपनीत गुपितं फार असतात. करार जूनमध्ये संपतो, तेव्हा येतो.

बारक्या

*

१९ जानेवारी

बारक्या,

अरे, किती रे मोठा झालास तू! पार्सल आलं त्या दिवशी चार गिऱ्हाइकं परत पाठवली मी. हे दिवसभर टॅब मांडीवर घेऊन. जेवायला बसा म्हटलं तर म्हणतात, 'थांब, याला चार्जिंगला लावतो, आधी त्याचं जेवण.' मी त्याला कव्हर शिवलंय, वकिलांच्या कोटाचं अस्तर उरलं होतं त्याचं. आतून मऊ, बाहेरून काळं. एकदम ऐटबाज.

गल्लीत तर मी सांगत सुटलेय. माझा भाऊ बगळ्याच्या कंपनीत आहे म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरून बघतात माझ्याकडे. समोरचे फोटोवाले मुद्दाम बघायला आले. त्यांच्याकडे स्वतःचा आहे ना, आणि तो मिरवायची एक संधी सोडत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून उलटेपालटे केले आणि म्हणतात, 'वहिनी, माझा बगळा डाव्या पायावर उभा आहे, तुमचा उजव्या. ओरिजिनल आहे ना?' माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. मी बोलणार तेवढ्यात हे म्हणाले, 'अहो, इतकी वर्षं एका पायावर उभा आहे, दमला असेल. पाय बदलला!' फोटोवाल्यांनाही हसू आलं. पण तू मला कारण लिही. त्यांच्या तोंडावर मारायला हवं.

बाकी ठीक. यांचा आवाज दोन महिने बसलाय. मला वाटलं, माइक सुटला म्हणून घशाने रुसवा धरला. काढे झाले, गुळण्या झाल्या. पुढच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात दाखवतो. तू उगाच काळजी करत बसू नकोस.

ताई

*

२८ जानेवारी

ताई आणि भाऊजी,

फोटोवाल्यांना सांगा, तुमचं मॉडेल जुनं झालं. नवीन मॉडेलमध्ये बगळ्याने पाय बदलला. मुद्दामच बदलला, नकली माल ओळखता यावा म्हणून. हल्ली बाजारात हुबेहूब दिसणाऱ्या नकलांचा सुळसुळाट झालाय, ताई. वरून सगळं तेच, आत काहीच नाही. आमच्याकडे तसलं चालत नाही. आमचं काम चोख असतं. डोळे मिटून विश्वास ठेवा.

माझं टेबल सगळ्यात शेवटी आहे. पुढचे लोक काच चिकटवतात, बॅटरी बसवतात, झाकण लावतात, आणि मग माल माझ्याकडे येतो. मी वायर जोडतो, चालू करतो, आत काही आकडे भरतो, आणि मगच तो खोक्यात जातो. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक पीस बाहेर पडत नाही. वरचे साहेब म्हणतात, तुझ्यासारखा सफाईदार हात दुसरा नाही. तो हात भाऊजींनी घडवला. आठवतंय ना भाऊजी, डेपोचा माइक खरखरायला लागला की तुम्ही मला बोलावून घ्यायचात? वायर मी जोडायची, आणि तुम्ही टेस्टिंग म्हणून मुद्दाम माझंच नाव पुकारायचात. सगळा फलाट माझ्याकडे बघायचा.

घशाचं काय झालं ते लगेच कळवा. थंड पिऊ नका.

बारक्या

*

१४ फेब्रुवारी

बारक्या,

मन घट्ट करून वाच. धीर द्यायला आम्ही तिथे नाही, म्हणून तू बसून वाच.

यांच्या घशात गाठ आहे, आणि ती वाईट आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याला केलेल्या भोकातून. आवाज येणार नाही. मी विचारलं, थोडासा तरी? ते म्हणाले, नाही. बाहेर आल्यावर हे व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि म्हणाले, 'बारा मार्चला ऑपरेशन. म्हणजे सव्वीस दिवस. फेब्रुवारी आहे, एकोणतीसचा असता तर एक जास्त मिळाला असता.' मी त्या बाकावर इतकी रडले की नर्स पाणी घेऊन आली.

पण ऐक, एक गोष्ट चांगली झाली. दवाखान्यात एक बाई आहेत, बोलायला शिकवणाऱ्या. आम्ही त्यांना आवाजाच्या बाई म्हणतो. त्या म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी जेवढं बोलता येईल तेवढं रेकॉर्ड करून ठेवा. रोजची वाक्यं, हाका, नावं. मग टॅबवर एकेका वाक्याचं बटण करून देता येतं. बटण दाबलं की यांचाच आवाज. यंत्राचा नाही रे, यांचा! त्या विचारत होत्या, 'घरी चांगला टॅब आहे का?' आणि मी ताठ मानेने सांगितलं, आहे. माझ्या भावाने स्वतःच्या हाताने बनवलेला आहे.

बारक्या, तू नसतास तर आम्ही काय केलं असतं? आपला तर बटणांचा फोन. देवाने तुला बरोबर वेळेला बुद्धी दिली बघ.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बसतो. आवाज घोगरा झालाय, पण अजून त्यांचाच आहे. निवेदक माणूस, साधंसुधं चालतच नाही. रेकॉर्डिंगचा दर्जा सगळ्यात वरचा निवडलाय त्यांनी, 'बारक्याने एवढी जागा दिलीय, काटकसर कशाला?' पहिल्या दिवशी मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. काय बोललात म्हटलं तर सांगत नाहीत. यादीत त्याचं नाव 'तिच्यासाठी' असं आहे. ऑपरेशननंतर ऐकायचं, आधी ऐकलंस तर बघ, म्हणे. तुला माहीत आहे, लग्न झाल्यापासून यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. नुसतं 'अगं'. मला वाटतं, दार लावून नाव घेतलं असणार. एवढ्या आशेवर मी बारा मार्च काढणार आहे.

'अगं' मात्र चौदा प्रकारचं भरलंय. रागावलेलं, लाडातलं, चष्मा सापडत नाही तेव्हाचं. मी मशीनवर बसून प्रत्येकाला ओ देत होते.

ताई

*

२२ फेब्रुवारी

ताई, हे पत्र तू एकटीने वाच.

तुझं पत्र तीनदा वाचलं. जेवण गेलं नाही. भाऊजींचा आवाज नसलेलं ते घर मला डोळ्यांपुढे आणताच येत नाही.

ताई, मी सांगतो ते कर. टॅबवर एवढं भरू नका. थोडंसंच भरा, अगदी गरजेचं. फार भरलं की तो गरम होतो. आणि जे भरलंय त्याची नक्कल दुसरीकडे करून ठेवा. फोटोवाल्यांकडे कॉम्प्युटर आहे, त्यांना सांग, ते करून देतील. आजच सांग. यंत्र आहे शेवटी, कितीही चांगलं असलं तरी यंत्राचा काय भरवसा? हातातून पडलं, पाणी सांडलं, काहीही होऊ शकतं. मी उगाच म्हणत नाहीये. माझ्या डोळ्यांसमोरून रोज तीनशे जातात, मला माहीत आहे.

भाऊजींना सांगू नकोस मी असं लिहिलं म्हणून. त्यांना वाटेल, पोराचा स्वतःच्या कामावर विश्वास नाही.

आणि ते पहिल्या दिवशीचं, दार लावून केलेलं, ते त्यांना पुन्हा एकदा करायला सांग. फोटोवाल्यांच्या कॉम्प्युटरवर. काहीतरी कारण काढ. ताई, एवढं कर.

मला अजून लिहायचं होतं, पण जमत नाही.

बारक्या

*

१ मार्च

बारक्या,

'एकटीने वाच' म्हणे! अरे, पाकीट फोडतात ते, वाचतात ते. पहिलीच ओळ ती आली, तीही त्यांनी त्याच सुरात वाचली, फलाट क्रमांक दोनसारखी, आणि वर म्हणाले, 'बरं, मी नाही ऐकत.' पुढचं सगळं वाचलं. मी मशीन थांबवून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं झालं.

पण मला तुझा रागही आला. गरम होतो काय, भरवसा नाही काय! आता एवढं मोठं संकट समोर असताना तू असलं भित्र्यासारखं लिहायचंस? एकीकडे म्हणायचं डोळे मिटून विश्वास ठेवा, आणि दुसरीकडे हे. माझ्या जिवाला घोर लावलास. मी टॅब घेऊन निघालेच होते समोर, तर यांनी हात धरला. म्हणाले, 'कुठेही न्यायचा नाही. पोराने हाताने बनवून दिलाय, त्याची नक्कल फोटोवाल्याच्या पेटीत ठेवायची म्हणजे त्याचा अपमान.' मी म्हटलं, तोच सांगतोय. तर म्हणाले, 'तो घाबरलाय. आपण नाही घाबरायचं.' आणि ते दार लावलेलं पुन्हा करा म्हटलं, तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या रे त्यांच्या! 'तसलं दोनदा बोलता येत नाही.'

आणि तू नको काळजी करू. मी रोज यादी तपासते. एकशे बेचाळीस नावं आहेत, प्रत्येकापुढे हिरवी खूण. जवळजवळ चाळीस तास झाले. डेपोचं अख्खं वेळापत्रक झालं. 'चहा ठेव', 'दार लाव', 'दुखतंय', 'दुखत नाही', 'फोटोवाल्यांना सांग मी झोपलोय', सगळं झालं. आवाजाच्या बाईंनी सांगितलंय, आता मागचं ऐकत बसू नका, घसा शिल्लक आहे तोवर पुढचं भरा. म्हणून आम्ही मागे वळून बघतच नाही.

आता सांगायचं काही उरलं नाही, म्हणून यांनी एक टूम काढलीय. माझ्या पत्र्याच्या डब्यात तुझी सगळी पत्रं आहेत ना, तू शिकायला गेलास तेव्हापासूनची, ती ते एकेक वाचून भरतायत. म्हणतात, 'तुझं शिवण चालू असताना मी पत्र वाचायचो, तेवढं तरी पुढे चालू राहील.' तीन दिवस तेच चाललंय. जूनमध्ये आलास की तूही ऐक. लहानपणी काय काय खोटं लिहायचास तू, पोटभर जेवतो म्हणून!

ताई

*

७ मार्च

भाऊजी,

हे पत्र तुम्ही मोठ्याने वाचू नका. पहिल्यांदा सांगतोय आणि शेवटचं. मशीनपासून उठा, मागच्या खोलीत जा आणि मनात वाचा. गेटवर फोन देत नाहीत आणि करार संपेपर्यंत बाहेर सोडत नाहीत, म्हणून माल घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, नऊ तारखेला तुमच्या दारात मिळेल. अजून तीन दिवस हातात असतील.

मी बगळ्याच्या कंपनीत नाही. कधीच नव्हतो. ही एक शेड आहे, वर पत्रा, खाली दोनशे माणसं, आणि आम्ही बगळ्यासारखे दिसणारे टॅब बनवतो. आमचा बगळा उजव्या पायावर आहे कारण वकिलाने सांगितलं, एवढा फरक ठेवा म्हणजे पकडले गेलो तर बोलायला जागा राहील. फोन गेटवर जमा असतात ते त्यासाठी.

मी शेवटच्या टेबलावर आकडा भरतो. आत जागा असते आठ. त्यातली पाच त्याची त्यालाच लागते. मी वायर जोडून त्याला सांगतो, तू दोनशे छप्पन आहेस. ते यंत्र आहे, ते मानतं. मग तुम्ही चार-पाच तासांपेक्षा जास्त भरलंत की ते थांबत नाही, भरलं असं म्हणत नाही. ते नवीन आवाज जुन्याच्या जागेवर लिहीत जातं. यादीत जुनं नाव तसंच राहतं, हिरवी खूण तशीच राहते, आणि आत दुसरंच काहीतरी असतं. तुमच्या चाळीस तासांतले पस्तीस गेलेले आहेत, भाऊजी. आधीचे आधी गेले. पहिल्या दिवशीचं सगळ्यात आधी.

इथे सगळे म्हणतात, एवढं भरतो कोण? लोक चार फोटो काढतात आणि खूश असतात. मीही तेच म्हणायचो.

तुमच्यासाठी पीस बाजूला काढला तेव्हा मी त्याचं सगळं चांगलं केलं. काच चांगली घातली, बॅटरी चांगली घातली. आकडाही खरा ठेवता आला असता. आठ. कोणी मला अडवलं नव्हतं. पण तुम्ही सेटिंग उघडून बघणार, आणि माझ्या भेटीवर आठ दिसणार, ते मला बघवेना. मी दोनशे छप्पन भरला. माझ्या या हाताने भरला.

बावीस तारखेला मी हेच सगळं लिहिलं होतं. ते पत्र उशीखाली ठेवलं आणि ते गुळमुळीत पाठवलं. कारण मला दिसत होतं की तुम्ही स्टुलावर बसून हे तुमच्या आवाजात ताईला वाचून दाखवताय. मला ते सहन झालं नाही. स्वतःची लाज वाचवायला मी तुमचे दोन आठवडे खाल्ले.

आता टॅब बाजूला ठेवा. आत्ताच्या आत्ता समोर जा, फोटोवाल्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसा आणि पुन्हा बोला. घसा दुखला तरी बोला. 'अगं' बोला. ताईचं नाव बोला. दोनदा बोलता येत नाही म्हणालात ना, मी पाया पडतो, एकदा बोला. मग मला काय वाटेल ते करा.

तुमचा बारक्या

*

२ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. ड्रायव्हरने नऊ तारखेला दुकानाच्या शटरखालून आत सरकवलं होतं. मी ते सतराला बघितलं.

दवाखान्यातून पाच तारखेला निरोप आला, एक खाट लवकर रिकामी झाली आहे, उद्या या. मला बरंच वाटलं रे. म्हटलं, वाट बघत झुरण्यापेक्षा सुटलो एकदाचे. सहाला ऑपरेशन झालं. तू पत्र लिहायला बसलास तेव्हा यांचा आवाज जाऊन एक दिवस झाला होता.

ऑपरेशन चांगलं झालं, हे आधी सांगायला हवं होतं. गाठ पूर्ण निघाली. यांना आत नेताना मी म्हटलं, काही बोला. तर म्हणाले, 'सगळं भरून ठेवलंय, आता कशाला घसा शिणवू?' आणि हसले. बारक्या, त्यांनी शेवटचं म्हणून काही बोलून दाखवलं असतं, तर मी ऐकून घेतलं असतं. पण आमच्या दोघांचाही त्या टॅबवर एवढा विश्वास, की आम्ही आवाज वाचवला. आवाज वाचवला रे आम्ही, दारात उभं राहून!

ऑपरेशनच्या वॉर्डात टॅब नेऊ देत नाहीत, म्हणून सतराला घरी आलो तेव्हा पहिल्यांदा उघडला. यांनी स्वतः उघडला. मी समोर बसले, केस विंचरून, हसू नकोस. यांनी 'अगं' दाबलं. काटा पुढे सरकत राहिला आणि आवाज नाही. दुसरं 'अगं' दाबलं, तिसरं दाबलं. चौदाच्या चौदा दाबले. मी म्हटलं, चार्जिंग असेल. मी म्हटलं, आवाज कमी असेल. मग 'पाणी हवंय' दाबलं, आणि त्यातून यांचाच आवाज आला, एकदम खणखणीत, 'इथे हॉस्टेलवर सगळं छान आहे, पोटभर जेवतो.' तुझं पत्र. 'दार लाव' दाबलं तर काही नाही. 'दुखतंय' दाबलं तर, 'ताई, या वेळी पहिला नंबर थोडक्यात हुकला.' तेही तुझंच. फोटोवाल्यांना मीच बोलावलं. त्यांनी वायर जोडली आणि खाली मान घालून आठ हा आकडा सांगितला. मला कळेचना कसला आठ. ते गेल्यावर केर काढताना शटरजवळ तुझं पाकीट सापडलं.

ते मी वाचलं. एकटीने. तुझं म्हणणं आता ऐकलं बघ.

मग ते यांच्या हातात दिलं. तुझ्या लहानपणीची पाटी काढून दिली होती यांना, लिहायला. पत्र वाचून झाल्यावर त्यावर लिहिलं, 'मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बगळ्यावरून.' पुसून पुन्हा लिहिलं, 'वाटलं, नक्कल फक्त वरची आहे. आत आपल्या बारक्याचं काम आहे.' मी ओरडले, मग तेव्हा फोटोवाल्यांकडे का नेऊ दिला नाहीत? तर लिहिलं, 'तो उघडून बघणार. तुला गल्लीत खाली बघावं लागलं असतं.'

बघ म्हणजे. मला खाली बघायला लागू नये म्हणून ते गप्प, तुला लाज वाटू नये म्हणून तू गप्प, आणि मी गल्लीभर बगळा मिरवत होते. तुला शिव्या द्यायला मी चारदा कागद घेतला. शिव्या येत नाहीत. तुला मांडीवर घेऊन वाढवलंय, तेच आड येतं. पण माफ केलं असंही माझ्या हातून लिहिलं जात नाही, मग मी ते का लिहू?

दार लावून बोललेलं मी दाबलं. बरेच दिवस दाबलं नव्हतं. म्हटलं, कोण जाणे, तेवढं एक राहिलं असेल. हे समोरच होते, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. तरी दाबलं. यांचा आवाज आला. म्हणाले, 'आमचं काम चोख असतं. डोळे मिटून विश्वास ठेवा.' मी पाटी पुढे केली, म्हटलं, काय बोलला होतात ते लिहून तरी दाखवा. त्यांनी खडू घेतला, हातात धरून बसून राहिले, आणि खाली ठेवला.

आता जे काही आहे ते तेवढंच आहे. तुझ्या पत्रांचे साडेचार तास, मागे माझ्या मशीनचा खडखडाट. हे बाहेर पायरीवर बसले की मी लावते. समोर आवाज लावलेला त्यांना ऐकवत नाही. त्या साडेचार तासांत त्यांचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे. सगळ्यात शेवटी, तुझं अठ्ठावीस जानेवारीचं पत्र वाचून झाल्यावर. कागद घडी घातल्याचा आवाज येतो, आणि मग म्हणतात, 'झालं, संपलं पत्र. बंद कर गं.'

ते मी परत परत लावते, बारक्या. त्यातल्या 'गं'साठी.

तू जूनमध्ये ये किंवा येऊ नकोस, ते तू ठरव. पत्र लिहिलंस तर यापुढे खरं लिही. आता घाबरायचं कारण नाही, वाचून दाखवायला घरात कोणी नाही.

ताई